आम्लावर चाललेलं दुकान

गुरुचरित्राच्या तेराव्या अध्यायात एक ब्राह्मण पोटाला धोंडा बांधून गोदावरीत जीव द्यायला निघतो. जेवला की पोटात शूळ उठायचा, म्हणून तो अन्नालाच भ्यालेला. गुरू नृसिंह सरस्वती त्याला बोलावून घेतात आणि सायंदेव नावाच्या भक्ताला सांगतात, याला पोटभर जेवू घाल. सायंदेवाची पंचाईत होते. हा जेवला आणि मेला, तर ब्रह्महत्या कोणाच्या माथी? पण आज्ञा ती आज्ञा. ब्राह्मण पक्वान्नं जेवतो आणि दुखणं कायमचं जातं.

नृसिंह सरस्वतींची नरसोबाची वाडी आमच्या मिरजेहून जवळ, त्यामुळे ही कथा इकडच्या पोरांच्या कानावर शाळेआधीच पडते. औषधाच्या दुकानात उभं आयुष्य गेल्यावर मला मात्र तिच्यात चमत्काराआधी लक्षणं दिसतात. अन्न पोटात गेलं की दुखतं, ते सहसा जठरातल्या व्रणाचं. उपाशीपोटी दुखून मध्यरात्री दोनला उठवून बसवतं आणि दूध-बिस्किट घेतलं की निवतं, ते जठराच्या पुढच्या, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या व्रणाचं. माधवनिदानात शूळाचे प्रकार लावताना अन्न पचत असताना उठणारा परिणामशूळ वेगळा काढलेला आहे. ते लिहिणाऱ्यानं रोग्यांच्या उशाशी बऱ्याच रात्री काढल्या असणार.

तेव्हा रोग जुना आहे. त्याचं कारण मात्र दर पिढीनं वेगळं सांगितलं, आणि जे कारण सांगितलं त्यावर विकायला काहीतरी त्या पिढीच्या हाताशी असायचंच. आमच्या दुकानाच्या फळ्यांवरून हा सगळा इतिहास माझ्या डोळ्यांदेखत सरकत गेला. डॉक्टरांनी तो लिहिलेला आहेच. दुकानदाराच्या बाजूनं तो कसा दिसतो, तेवढं मी सांगतो.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. 1894 साली विल्यम वॉन्लेस यांनी इथं मिशनचं हॉस्पिटल उभारलं, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून माणसं उपचाराला येत राहिली आणि दवाखान्यांमागोमाग औषधाची दुकानं आली. आमचे आण्णा आधी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते, मग त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं. त्या काळी पोटाचं औषध म्हणजे बाटली. तिच्यात मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट, हलकं मॅग्नेशियम कार्बोनेट आणि खाण्याचा सोडा समप्रमाणात, वर पेपरमिंट. कळ फारच असेल तर डॉक्टर बेलाडोनाचं टिंक्चर थेंबांनी लिहायचे. बाटलीच्या अंगावर कागदाची पट्टी चिकटवायची आणि तिला कात्रीनं खाचा मारायच्या. एक खाच म्हणजे एक डोस. "हलवून घ्या बरं का," हे आण्णा प्रत्येकाला दोनदा सांगायचे. पावडर तळाशी बसते, आणि न हलवता घेणाऱ्याला पहिले दोन दिवस पेपरमिंटचं पाणी मिळतं आणि तिसऱ्या दिवशी नुसता गाळ.

पुढे तयार गोळ्या आल्या. जेलुसिल, गुलाबी डायजिन. त्यांत ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम जोडीनं असतात, त्याचं कारण आण्णांनी मला एका वाक्यात शिकवलं होतं: एकानं पोट बांधतं, दुसऱ्यानं सुटतं. फार्मसीच्या कॉलेजात तेच शिकायला मला एक अख्खं प्रकरण वाचावं लागलं.

या बाटलीमागचा विचार सरळ होता. जठरात मिठाचं आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, हे इंग्लंडमधल्या विल्यम प्राउट यांनी 1824 साली छापील मांडलं. 1910 मध्ये झाग्रेबच्या कार्ल श्वार्त्झ या सर्जननं, आम्ल नसेल तिथं हा व्रण होत नाही, असा सिद्धान्त सांगितला. तो बऱ्याच अंशी खराही आहे. मग आम्ल मारा, रोग मरेल! शिकागोच्या बर्ट्राम सिप्पी यांनी 1915 साली याचा पक्का कार्यक्रमच बांधून दिला: दर तासाला थोडं दूध-साय आणि त्यांच्या अधेमधे क्षारांच्या पुड्या. पुढची कित्येक दशकं जगभरचे अल्सरचे रोगी तान्ह्या बाळासारखे तासातासाला दूध पीत पडून राहिले. काहींच्या रक्तात कॅल्शियम इतकं वाढलं, की मूत्रपिंडं बिघडली. शिवाय दुधानं क्षणभर बरं वाटतं आणि नंतर त्यातलं कॅल्शियम व प्रथिनं जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात, हे नंतर मोजून दाखवण्यात आलं. आमच्याकडे आजही "पोटात आग पडलीय, थंड दूध पी" असं सांगणाऱ्या आज्ज्या आहेत. त्यांचा राग येत नाही. त्यांचं हे ज्ञान शिकागोच्या प्रोफेसरांच्या तोलाचंच आहे.

ज्यांना बाटली लागू पडत नसे, ते सर्जनकडे जात. 1881 साली व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी जठराचा भाग कापून जोडायचं ऑपरेशन यशस्वी केलं. ते कर्करोगासाठी होतं. पण वाट सापडल्यावर अल्सरवालेही तिच्यावरून जाऊ लागले. 1943 मध्ये शिकागोचेच लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी जठराला आम्ल सोडायचा हुकूम देणारी व्हेगस नाडी कापायला सुरुवात केली. नाडी कापली की जठर सुस्त होतं, अन्न पुढं सरकत नाही. मग त्याला लहान आतड्याशी नवी वाट काढून द्यायची. माझ्या उमेदीच्या काळात छातीच्या खालपासून बेंबीपर्यंत टाक्यांचा उभा वण असलेला माणूस दुकानात आला, की विचारावं लागत नसे. जेवल्याबरोबर घाम सुटणं, छाती धडधडणं, जुलाब, अशा तक्रारी घेऊन त्यांतले काही पुढं वर्षानुवर्षं येत राहत.

आपल्या देशात या ऑपरेशनांचा इतिहास दक्षिणेकडे फार रंगतदार आहे. हॉवर्ड सॉमरवेल हा इंग्रज सर्जन 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेवर आला होता. मोहीम संपल्यावर तो भटकत त्रावणकोरातल्या नेय्यूर गावी पोचला, तिथल्या मिशन हॉस्पिटलातली गर्दी पाहिली आणि लंडनमधली चांगली वाट सोडून तिथंच राहिला. 1924 साली पुन्हा एव्हरेस्टवर गेला, प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय सुमारे 28,000 फुटांपर्यंत चढला आणि परत येऊन नेय्यूरला पोटं उघडू लागला. तिथं अल्सरचे रोगी इतके होते, की हा माणूस पुढं जठराच्या शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहिण्याइतका जाणकार झाला. का होते इतके? कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी उंदरांना त्रावणकोरातल्या गरिबांसारखं टॅपिओकाचं जेवण घातलं आणि त्यांच्या जठरांत व्रण दाखवले. पुढं म्हैसूरच्या मिशन हॉस्पिटलातले फ्रँक टोव्ही देशभराच्या नोंदी गोळा करत राहिले: भातखाऊ दक्षिणेत अल्सर जास्त, गहू खाणाऱ्या उत्तरेत कमी. ही माणसं गरीब रोग्याच्या ताटात काय आहे ते जाऊन पाहत होती, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. उत्तर पुढं वेगळंच निघालं तरी.

त्याच वेळी अमेरिकेत वेगळी टूम निघाली होती. अल्सर चिंतेनं होतो. 1958 साली जोसेफ ब्रेडी यांनी माकडांच्या जोड्या विजेचे झटके देणाऱ्या खुर्च्यांत बसवल्या. एका माकडाच्या हाती झटका टाळायची कळ दिली, दुसऱ्याच्या हाती काहीच नाही. कळवालं, म्हणजे साहेब माकड, अल्सर होऊन मेलं. जगभरच्या वर्तमानपत्रांना हे फार आवडलं. जबाबदारीची खुर्ची, साहेबांचा रोग! नंतर असं ध्यानात आलं, की कळ लवकर दाबायला शिकलेली माकडंच साहेब म्हणून निवडली होती. ती मुळातच वेगळी असू शकतात. उंदरांवर नीट चिठ्ठ्या टाकून प्रयोग केले, तर निकाल उलटा आला. पण तोवर गोष्ट घराघरात पोचली होती.

मला ती तेव्हाही पटत नव्हती, कारण आमच्या दुकानातले अल्सरवाले साहेब नव्हते. इचलकरंजीच्या मागावरचे कामगार, ऊसतोडीला जाणारे, एसटीचे ड्रायव्हर, गवंडी. एकेका घरात दोघे-तिघे भाऊ. यांना डॉक्टर सांगत, "राग आवरा, मिरची बंद करा, काळजी करू नका." मागाच्या खडखडाटात रात्रपाळी करणाऱ्यानं काळजी कशी सोडायची, ते कोणी सांगत नसे. ठेचा मात्र बिचारा त्याच दिवशी सुटे. 1988 साली ह्यूस्टनमध्ये डेव्हिड ग्रॅहॅम यांनी धडधाकट माणसांना कधी तिखटजाळ, कधी सौम्य जेवण दिलं, कधी जेवणासोबत ॲस्पिरिन दिलं आणि दुर्बिणीनं जठरं तपासली. ॲस्पिरिननं ओरखडे उठले, मिरचीनं काही केलं नाही. सिंगापुरातल्या 1995 च्या एका अभ्यासात तर मिरची जास्त खाणाऱ्यांत अल्सर कमीच आढळले. कोल्हापूरकडच्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल, ते लिहायला नको.

आता औषधांच्या गोष्टीतला सगळ्यात देखणा भाग. जेम्स ब्लॅक हे स्कॉटिश औषधशास्त्रज्ञ. हृदयासाठी प्रोप्रानोलोल शोधून झाल्यावर 1964 साली ते लंडनच्या उत्तरेला वेल्विन गार्डन सिटीतल्या स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीच्या प्रयोगशाळेत आले. हिस्टॅमिन टोचलं की जठर आम्ल सोडतं, हे अर्धशतकापासून माहीत होतं. पण सर्दी-खाजेवरची हिस्टॅमिनविरोधी औषधं जठराला काहीच करत नसत. ब्लॅक यांचा तर्क असा, की जठराच्या पेशीवर हिस्टॅमिन बसायची जागा वेगळ्या घडणीची असणार. त्या जागेवर हिस्टॅमिनच्याच तोंडवळ्याचा, पण काम न करणारा रेणू बसवायचा. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा तसं: रुमाल प्रवास करत नाही, पण दुसऱ्याला बसूही देत नाही.

हा रुमाल विणायला रॉबिन गॅनेलिन आणि सोबतच्या रसायनशास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं लागली. पहिला धड रेणू बुरिमामाइड, 1972 मध्ये जाहीर झाला. पण तो तोंडानं घेऊन पुरेसा लागू पडेना. दुसरा मेटियामाइड. तो चांगला होता, रोगी बरे होऊ लागले, आणि मग काहींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक उतरल्या. रेणूतला गंधकाचा एक भाग संशयित होता. तो काढून दुसरा गट बसवला आणि सिमेटिडीन तयार झालं. नोव्हेंबर 1976 मध्ये ते टॅगामेट नावानं ब्रिटनमध्ये विक्रीला आलं. चार-सहा आठवड्यांत व्रण भरून येऊ लागले. सर्जनची यादी रिकामी पडू लागली. 1988 साली ब्लॅक यांना नोबेल मिळालं. रोग कळल्यावर औषध शोधणं, आणि शरीरातली जागा आधी तर्कानं ओळखून तिच्या मापाचं औषध घडवणं, यांत मला दुसरं जास्त मोठं वाटतं.

1981 साली ग्लॅक्सोनं रॅनिटिडीन आणलं. सिमेटिडीननं काही पुरुषांची छाती सुजायची, इतर औषधांशी त्याचं भांडण व्हायचं. रॅनिटिडीनचं तसं फारसं नव्हतं आणि दिवसाला दोन गोळ्यांत भागायचं. काही वर्षांतच ते जगातलं सर्वांत जास्त खपणारं औषध झालं. आपल्याकडे तर पर्वणीच. 1970 च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या रेणूला पेटंट नाही, फक्त तो बनवायच्या रीतीला होतं. त्यामुळे इथल्या कंपन्यांनी आपापल्या रीतीनं रॅनिटिडीन बनवलं. रॅनटॅक, ॲसिलॉक. एकेका दुपारी तीन-तीन कंपन्यांचे एमआर, म्हणजे विक्री प्रतिनिधी, दुकानात बसलेले, आणि प्रत्येकाच्या बॅगेत तीच गोळी वेगळ्या रंगाच्या स्ट्रिपमध्ये. दहावर एक फुकट, वर भिंतीवरचं घड्याळ. तो कायदा नसता, तर मागावरच्या माणसाला ही गोळी परवडायला फार वर्षं लागली असती.

तिच्यामागून ओमेप्राझोल आलं. स्वीडनमधल्या म्योल्न्दालच्या हेस्ले कंपनीत तयार झालेलं, 1988 मध्ये लोसेक नावानं बाजारात आलेलं. हे हुकमाच्या जागेवर बसत नाही. पेशीतून आम्ल बाहेर फेकणारा पंपच बंद करतं. आम्लात ते स्वतः टिकत नाही, म्हणून कॅप्सूलमध्ये वेष्टणाच्या बारीक दाण्यांत भरलेलं असतं. आमची गिऱ्हाइकं ती कॅप्सूल फोडून, दाणे चावून खात आणि मग म्हणत, "मालक, गोळी हलकी निघाली." सकाळी खाण्याआधी अर्धा तास, उपाशीपोटी, न फोडता घ्यायची, हे सांगण्यात माझा घसा बसला. पँटोप्राझोल, राबेप्राझोल, एसोमेप्राझोल ही सगळी याचीच भावंडं. त्यांच्या जाहिराती वेगळ्या, काम तेच.

आता दुकानदाराची आतली गोष्ट. या गोळ्यांनी व्रण भरायचा. पण गोळी थांबवली, की बहुतेकांचा वर्षभरात परत यायचा. मग पुन्हा गोळी, मग रोज रात्री एक, कायमची. धंद्याच्या हिशेबानं याहून सोन्यासारखं औषध नाही. रोगी मरत नाही, बरा होत नाही, आणि महिन्याच्या महिन्याला येतो. कंपन्यांचा, स्टॉकिस्टचा, आमचा, सगळ्यांचा संसार त्या परत येणाऱ्या व्रणावर चालला होता. तो परत का येतो, हे विचारायची कोणाला घाई नव्हती.

विचारलं ते ऑस्ट्रेलियाच्या पार पश्चिम टोकाला, पर्थमध्ये. रॉबिन वॉरेन तिथल्या रॉयल पर्थ हॉस्पिटलात जठराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचं काम करत. 11 जून 1979 ला, स्वतःच्या वाढदिवशी, त्यांना एका तुकड्यावर वाकडे-वळलेले जंतू दिसले. आम्लात जंतू जगत नाहीत, असं पुस्तकात छापलेलं होतं. सोबत्यांना ते दिसतही नव्हते. मग वॉरेन यांनी चांदीच्या क्षाराचा रंग देऊन ते काळेकुळकुळीत करून दाखवले. जिथं जठर सुजलेलं, तिथं हे असायचेच. 1981 मध्ये बॅरी मार्शल नावाचा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. दोघांनी शंभर रोग्यांचे तुकडे जमवले. जंतू काचेच्या थाळीत काही केल्या वाढेनात. दोन दिवसांत काही उगवलं नाही की प्रयोगशाळा थाळ्या फेकून द्यायची. 1982 च्या ईस्टरला लागून सुट्या आल्या, थाळ्या तशाच राहिल्या आणि परत येऊन पाहतात तो जंतू उगवलेले. त्यांना वाढायला जास्त दिवस लागत होते, इतकंच.

ते आम्लात टिकतात कसे? त्यांच्याकडे युरिएज नावाचं विकर आहे. त्यानं ते युरिया फोडून अमोनिया करतात आणि आपल्याभोवतीचं आम्ल मारून टाकतात. म्हणजे आण्णांच्या बाटलीचं काम हे जंतू स्वतःपुरतं करत बसलेले होते! जठरात युरिएज असतं, असा निबंध केंब्रिजहून लक आणि सेठ या दोघांनी 1924 सालीच छापला होता. ते माणसाचंच असेल, असं सगळे धरून चालले. बॉस्टनच्या फ्रीडबर्ग यांना 1940 मध्ये जठरात जंतू दिसले होते. 1954 मध्ये पामर यांनी हजारावर तुकडे तपासून असं काही नसतं म्हटलं आणि तो विषय मिटला. ग्रीसमधल्या मिसोलोंगीचे साधे जनरल प्रॅक्टिशनर जॉन लिकुडिस 1958 पासून अल्सरला अँटिबायोटिक देऊन रोगी बरे करत होते. त्यांना 1968 साली चार हजार ड्राख्मा दंड झाला. ते 1980 मध्ये वारले, पर्थची बातमी यायच्या थोडं आधी. या सबंध इतिहासात मला सगळ्यांत चुटपुट लावणारा माणूस तोच.

मार्शल यांचंही सुरुवातीला कोणी ऐकेना. शेवटी 1984 साली त्यांनी स्वतःचं जठर निरोगी असल्याचं तपासून घेतलं आणि जंतू कालवलेला रस्सा पिऊन टाकला. काही दिवसांत सकाळच्या उलट्या सुरू झाल्या, तोंडाला घाण वास येऊ लागला. दहाव्या दिवशी दुर्बिणीत सुजलेलं जठर आणि त्यावर जंतू. ही गोष्ट आता कॉलेजच्या पोरांनाही पाठ असते. पण तिनं सिद्ध झाला तो जठराचा दाह, अल्सर नव्हे. खरा निकाल नंतरच्या कंटाळवाण्या चाचण्यांनी लावला: 1988 साली लॅन्सेटमध्ये आलेल्या त्यांच्याच अभ्यासात ज्यांचे जंतू गेले त्यांतल्या बहुतेकांचे व्रण भरले, आणि वर्षभरानंतरही थोड्यांचेच परत आले. 1989 मध्ये जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी ठरलं. 1994 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं बोलावलेल्या तज्ज्ञांनी, अल्सर असेल आणि जंतू असतील तर अँटिबायोटिक द्या, असं सांगितलं. त्याच वर्षी जठराच्या कर्करोगाचं कारण म्हणूनही या जंतूची नोंद झाली. 2005 चं नोबेल वॉरेन आणि मार्शल यांना मिळालं.

आणि आमच्या घराघरातले ते दोन-तीन भाऊ? हा जंतू लहानपणीच, एकमेकांकडून लागतो. एका खोलीत सहा-आठ माणसं, पाणी बेभरवशाचं, की तो घरभर होतो. लोक म्हणायचे, "त्यांच्या घरातच आहे ते." घरात होतं, पण रक्तात नव्हतं. अर्थात जंतू असलेल्या प्रत्येकाला अल्सर होत नाही. बहुतेकांना काहीच होत नाही. आपल्या देशात निम्म्याहून अधिक मोठ्या माणसांच्या जठरात तो आहे, म्हणून सरसकट औषध देतही नाहीत.

दुकानात हा शोध आला तो एका खोक्यातून. दिवसभराच्या गोळ्या एका पाकिटात: आम्ल कमी करणारी एक, क्लॅरिथ्रोमायसिन, ॲमॉक्सिसिलिन. सकाळ-संध्याकाळ, चौदा दिवस. तोंडाला कडवट धातूसारखी चव येते आणि माणूस पाचव्या दिवशी बंद करतो. अर्धवट घेतलं की उरलेले जंतू बनचुके होतात. पर्यायी औषध मेट्रोनिडॅझोल, पण अमांशासाठी ते आपल्याकडे इतकी वर्षं खाल्लं गेलंय, की बरेच जंतू आता त्याला जुमानत नाहीत. मग बिस्मथवाला चार औषधांचा कोर्स. त्यानं शौच काळं होतं आणि गिऱ्हाईक धावत येतं. ते घाबरतं ते बरोबरच, कारण बिस्मथ न घेता शौच डांबरासारखं काळं झालं, तर आत रक्त वाहतंय असं समजायचं. हे सगळं समजावून सांगायला वेळ लागतो, आणि या कोर्समागं एमआरची फौज नसते. चौदा दिवसांत जाणारा रोगी कोणाला हवाय?

जंतूनंतर दुसरं कारण आमच्याच फळीवर बसलेलं आहे. दुखण्याच्या गोळ्या. 1938 मध्ये लंडनच्या डाउथवेट आणि लिंटॉट यांनी दुर्बिणीतून ॲस्पिरिनचे जठरावरचे डाग पाहिले. 1971 साली जॉन व्हेन यांनी दाखवलं, की ही औषधं प्रोस्टाग्लँडिन बनणंच थांबवतात. आणि तेच तर जठराचं अस्तर राखतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, सगळ्यांची जात तीच. गुडघे धरलेली म्हातारी येते आणि म्हणते, "बाळा, ती लाल गोळी दे." चिठ्ठी नसते. काही ठिकाणी गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या मिळतात; त्यांत वेदनाशामक आणि स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं आणि त्या फार लवकर गुण देतात. असा एखादा रोगी पुढं व्रण फुटून, लाकडासारखं कडक पोट घेऊन रातोरात ऑपरेशनला जातो. व्हेगस कापायचं ऑपरेशन आता तरुण सर्जनला पाहायलाही मिळत नाही. फुटलेला व्रण शिवायचं मात्र अजून संपलेलं नाही.

रॅनिटिडीनचा शेवट कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. सप्टेंबर 2019 मध्ये त्यात एनडीएमए हे कर्करोगाचा संशय असलेलं द्रव्य सापडल्याचं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जाहीर केलं आणि एप्रिल 2020 मध्ये ते तिथल्या बाजारातून काढायला सांगितलं. आपल्याकडे 2022 च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते वगळलं गेलं. विक्री चालूच आहे. त्याची जागा पँटोप्राझोलनं कधीच घेतली होती.

दुकान आता मुलगा आणि सून बघतात. मी सकाळी तासभर जाऊन बसतो. अल्सरचा रोगी पूर्वीइतका दिसत नाही; आम्लाच्या गोळ्या मात्र पूर्वीपेक्षा जास्त खपतात. अँटिबायोटिकसोबत एक, तापाच्या गोळीसोबत एक, लग्नाच्या जेवणाआधी एक, आणि काही जण चहाआधीची सवय म्हणून. वर्षानुवर्षं घेतल्यानं बी-12 आणि मॅग्नेशियम उतरू शकतं, आणि एकदम थांबवली तर आम्ल उसळून येतं, म्हणून माणसाला वाटतं गोळीवाचून आपलं चालतच नाही. काहींना ती खरोखर लागते. रोज ॲस्पिरिन घेणाऱ्या हृदयरोग्यानं ती माझं वाचून बंद करू नये.

बाकीच्यांनी एवढं करावं. महिनोन्‌महिने पोटाची गोळी चालू असेल, तर पुढची स्ट्रिप घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, "मला ही कशासाठी आहे, आणि पायलोरीची तपासणी झालीय का?" श्वासाची तपासणी होते, शौचाची होते, दुर्बिणीतून तुकडा काढून होते. जंतू निघाला तर चौदा दिवसांचा कोर्स पुरा करा, आणि महिनाभरानंतर तो गेला की नाही ते पुन्हा तपासून घ्या. त्या तपासणीआधी दोन आठवडे आम्लाची गोळी बंद ठेवावी लागते, तेही डॉक्टरांना विचारून. अंगदुखीची गोळी चिठ्ठीशिवाय मागू नका. दुकानदारानं दिली, तरी घेऊ नका.